अटक झाली म्हणजे नेमकं काय झालं? थान्यापासून जमानतीपर्यंतचा रस्ता

इंदूरच्या मराठी घरात सकाळी पोह्यांबरोबर हिंदी पेपर उघडला की दोन मथळे हमखास दिसतात. एक ‘गिरफ्तार’, दुसरा ‘जमानत मिली’. पहिला वाचून कोणीतरी म्हणतं, “काहीतरी केलं असेलच, उगाच कशाला धरतील?” महिनाभराने दुसरा मथळा आला की तीच व्यक्ती म्हणते, “सुटला बघा! पैसे चारले असतील.” दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. अटक म्हणजे शिक्षा असं आपण धरून चालतो, म्हणून जामीन म्हणजे निर्दोष सुटका असं वाटायला लागतं. कायद्याच्या लेखी अटकेने काहीच सिद्ध होत नाही आणि जामिनाने काहीच पुसलं जात नाही. खटला आपल्या जागी असतोच.

मग इतकी धावपळ कशासाठी? कारण खटला चालेपर्यंत माणूस घरी राहणार की तुरुंगात, हे याच टप्प्यावर ठरतं, आणि आपल्याकडे खटले वर्षानुवर्षं चालतात. माझं मत विचाराल तर नागरिकाच्या हक्कांचा फैसला दिल्लीत जेवढा होतो त्याच्यापेक्षा जास्त थान्यातल्या टेबलावर आणि पहिल्या मॅजिस्ट्रेटसमोर होतो, तोही पहिल्या चोवीस तासांत. नंतर वरच्या कोर्टात जे चालतं, त्यात पुष्कळदा याच चोवीस तासांतली गाठ सोडवायची असते.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२१ ला छप्पन दुकानजवळच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराचा कार्यक्रम होता. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली, कार्यक्रम मधेच थांबला, तुकोगंज थान्यात गुन्हा नोंदवला गेला, फारुकी आणि इतरांना अटक झाली. सेशन कोर्टाने जामीन नाकारला. २८ जानेवारीला हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठानेही नाकारला. ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला. या माणसाचे विनोद चांगले की वाईट, हा वाद इंदुरात तेव्हा भरपूर रंगला. मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर जुने मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. सुप्रीम कोर्ट मात्र विनोदांच्या वाटेला गेलंच नाही. त्याने दोन गोष्टी नोंदवल्या: आरोप मोघम आहेत, आणि अटक करताना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ ची पद्धत पाळलेली नाही.

हे कलम ४१ म्हणजे काय, ते समजलं की निम्मा विषय समजला.

१ जुलै २०२४ पासून तीन जुने कायदे गेले आणि तीन नवे आले. भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. जुनं कलम ४१ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ झालं आहे. त्याचा गाभा असा: ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे, त्यात नुसता संशय आहे म्हणून पोलिसांना अटक करता येत नाही. अटक गरजेची का, ते लिहून ठेवावं लागतं. माणूस पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नाहीसा करेल, साक्षीदारांना धमकावेल, बोलावल्यावर येणार नाही किंवा त्याला ताब्यात घेतल्याशिवाय तपास नीट होणार नाही, अशा ठरावीक कारणांपैकी काहीतरी हवं. असं कारण नसेल तर पोलिसांनी नोटीस द्यायची, अमुक तारखेला हजर व्हा म्हणून. हजर होत राहिलात, सहकार्य करत राहिलात, तर साधारणपणे अटक नाही.

सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे ठणकावून सांगितलं. पोलिसांनी कारणांची यादी भरायची, ती मॅजिस्ट्रेटपुढे ठेवायची आणि मॅजिस्ट्रेटने ती वाचूनच कोठडी द्यायची. दोघांपैकी कोणी कुचराई केली तर दोघांवरही कारवाई होऊ शकते. २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालाने आणखी एक पाऊल टाकलं: ही पद्धत पाळली नसेल तर आरोपीला तेवढ्यावरही जामीन मिळू शकतो. आता फारुकींच्या प्रकरणात लावलेली कलमं पाहा. त्यातलं सगळ्यात जड होतं २९५अ, त्याची कमाल शिक्षा ३ वर्षं. म्हणजे नोटीस देऊन भागण्यासारखं प्रकरण. ती नोटीस १ जानेवारीला दिली गेली असती तर तीन कोर्टांचा वेळ वाचला असता.

नोटीस मिळाली तर घाबरून गावाला पळू नये, हे ओघाने आलंच. पळालात की पोलिसांना अटकेचं कारण तुम्हीच हातात दिलंत. नोटिशीच्या तारखेला जायचं, गेल्याची पोच घ्यायची, एक प्रत वकिलाकडे ठेवायची. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रत्यक्ष हातात द्यावी लागते.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर सुदामा नगर, लोकमान्य नगरातल्या निवृत्त मंडळींसाठी जरा आडवळण घेतो. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या आधार कार्डावर पार्सल सापडलंय म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो आणि तपासणीसाठी पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगतो. याला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारतातल्या कुठल्याच कायद्यात असली अटक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं. फोन ठेवायचा आणि १९३० वर कळवायचं. सासऱ्यांना, आत्याला, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना हे आजच सांगा.

खऱ्या अटकेला कागद लागतो, आणि तो कसा असावा हेही ठरलेलं आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले, ते पुढे कायद्यात आले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवरच व्हायला हवा. त्यावर तारीख आणि वेळ, घरच्या एखाद्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. आपल्या इथले पोलिस तिला ‘मुलाहिजा’ म्हणतात. अंगावर आधीपासून मार असेल किंवा थान्यात बसला असेल, तर तो डॉक्टरला दाखवायची हीच वेळ. डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगायचं, कारण पुढे मॅजिस्ट्रेटपुढे ‘मारलं’ म्हणून तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, मुलाहिज्यात का नाही? बाईला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात एरवी अटक करता येत नाही. अगदी तशीच वेळ आली तर महिला पोलिस अधिकारी हवी आणि तिने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतलेली हवी. साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, डीएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. ही तरतूद नव्या कायद्याने आणली, चांगली आहे.

सगळ्यात ताजा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम नोव्हेंबर २०२५ चा आहे. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. त्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. तसं झालं नाही तर अटकच बेकायदा. आपल्यासारख्या, तीन-चार पिढ्या हिंदीत वावरलेल्या इंदुरी मराठी माणसाला भाषेचं फारसं अडणार नाही. पण पीथमपूरच्या कारखान्यात ओडिशातून किंवा तमिळनाडूतून आलेल्या कामगाराला थान्यातली हिंदी काय कळणार? त्याच्यासाठी हा नियम किती मोठा आहे, ते त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आता चोवीस तासांचा हिशेब. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. रविवार असो, रंगपंचमीची गेर असो, सूट नाही. सुट्टीच्या दिवशी ड्यूटी मॅजिस्ट्रेट असतात. पोलिस कधीकधी चलाखी करतात ती अटकेच्या वेळेत. सकाळी ‘पूछताछ’ म्हणून बसवून ठेवतात, अटक कागदावर रात्री दाखवतात. म्हणून घरच्यांनी पहिली गोष्ट कुठली करायची, तर घरातून नेलं ती वेळ टिपून ठेवायची. शक्य असेल तर कोणाला तरी मेसेज करून ठेवायची, म्हणजे तिला पुरावा राहतो. गल्लीतल्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं फुटेज मागून ठेवलं तर उत्तम, पण ते काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून लगेच.

मॅजिस्ट्रेटपुढे दोनच वाटा: कोठडी नाही तर जामीन. कोठडीत पुन्हा दोन प्रकार. पोलिस कोठडीत माणूस चौकशीसाठी थान्यात राहतो, न्यायालयीन कोठडीत तुरुंगात. पोलिस कोठडी एकूण १५ दिवसांच्या वर मिळत नाही. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच संपायची. आता गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येते. या बदलावर वकील मंडळींनी नाकं मुरडली ती उगाच नव्हे. न्यायालयीन कोठडीत जरा श्वास घेतलेल्या माणसाला पुन्हा थान्यात आणता येतं, ही भीती डोक्यावर राहते.

इथे मॅजिस्ट्रेटचं काम शिक्का मारण्याचं नसतं. अटक गरजेची होती का, कारणं लेखी दिली का, अंगावर मार आहे का, वकील आहे का, हे त्याने विचारायचं असतं. वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा असतो. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं स्पष्ट आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा. “आपण काय गरीब आहोत का” असा संकोच आपल्या लोकांना आडवा येतो. त्या संकोचापायी पहिली पेशी, म्हणजे सुनावणी, वकिलाशिवाय जाते.

जामिनाचे प्रकार झटपट सांगतो. जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क, कोणी मेहेरबानी करत नाही. अजामीनपात्र असेल तर कोर्टाच्या विवेकावर. अटकेआधीच मागितला तर अटकपूर्व जामीन, म्हणजे इथल्या भाषेत ‘अग्रिम जमानत’. चौथा प्रकार तपास रेंगाळला तर: ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, पोलिसांनी चालान, म्हणजे आरोपपत्र, दाखल केलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, तोही चालान यायच्या आत. साठाव्या दिवसानंतर वकील झोपला आणि दोन दिवसांनी चालान आलं, तर हक्क गेला.

आता येतो तो भाग, जिथे गरीब आणि बाकीचे यांच्यातली दरी दिसते. जामीन मंजूर झाला म्हणजे दार उघडत नाही. जामीनदार लागतो.

मध्य प्रदेशात जामीनदाराची ओळख म्हणजे ऋणपुस्तिका. शेतजमिनीच्या मालकाला मिळणारी ही छोटी वही, त्यात खसरा क्रमांक, रकबा आणि मालकाचा फोटो. कोर्टात ती दाखल केली की अमुक केसमध्ये अमुक रकमेची जमानत दिली अशी नोंद तिच्यात होते आणि शिक्का बसतो, म्हणजे त्याच जमिनीवर दहा जणांची जमानत कोणी देऊ नये. कोर्टाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमाराला फिरा. कुठलाच खटला नसलेली, पण बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तिका घेतलेली माणसं चहाच्या टपरीपाशी दिसतात. ओळख ना पाळख, पैसे घेऊन उभी राहतात. जामीनदाराने आपण आधी किती जणांची जमानत दिली आहे हे शपथेवर सांगायचं असतं, कायद्यातच तसं आहे. तरी हा बाजार चालतो, कारण गरज खरी आहे. शहरातल्या मराठी नोकरदाराकडे फ्लॅट असतो, तोही बँकेकडे गहाण, शेत नसतं. मग देवासकडच्या नाही तर सांवेरच्या कोणा ओळखीच्या शेतकऱ्याला फोन जातो. सांवेर इंदूर जिल्ह्यातच आहे, पण देवास म्हटलं की बाबू मान हलवतो: “दूसरे जिले की नहीं चलेगी, साहब.”

बाबूचं हे म्हणणं कायद्याला धरून नाही. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण गेलं होतं. मोतीराम गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची जमानत नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. त्या काळचे दहा हजार आणि एक गवंडी! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात विचारलं की एखादा मल्याळी, कानडी, तमिळ किंवा तेलुगू माणूस बस्तरला, पोर्ट ब्लेअरला, पहलगामला किंवा चांदणी चौकात पकडला गेला, तर त्याने तिथला मालमत्तावाला आणायचा कुठून? त्यांनी रक्कम हजारावर आणली आणि मोतीरामला वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. हा निकाल आपल्याच राज्यातून गेलेला. आज त्याला ४५ वर्षांच्या वर झाली आणि ‘दूसरे जिले की नहीं चलेगी’ अजून ऐकू येतंच. कोणी म्हणालं तर वकिलाला मोतीरामचं नाव घ्यायला सांगा. निदान बाबू फाइल साहेबांपुढे तरी ठेवेल.

जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये रीत घालून दिली. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायची. सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तरी जामीनदार मिळत नसेल तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात कोर्टाने याच्याही पुढे जाऊन एक साधी व्यवहाराची गोष्ट म्हटली: एका माणसावर अनेक राज्यांत गुन्हे असतील तर प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार तो आणणार कुठून, फौजदारी भानगडीत जामीन राहणारं वर्तुळ आधीच छोटं असतं. आपल्या सगळ्यांना हे घरबसल्या ठाऊक आहे. लग्नात हजार पानं उठतात. कोर्टात सही करायला येणारे मोजून दोन.

देशभराचं चित्र एका आकड्यात: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. नव्या कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सोडायचं, आणि पहिल्यांदाच अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे अंगावर असतील तरीही अडतं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की १ जुलैच्या आधीच्या प्रकरणांनाही याचा फायदा द्यायचा. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा असतो. आतल्या माणसाच्या घरच्यांनी बोटावर महिने मोजून अधीक्षकाला आठवण करून दिलेली बरी.

आतापर्यंत सांगितलं ते गुन्ह्यानंतरच्या अटकेचं. गुन्हा झालाच नाही, पण होईल म्हणून उचलण्याची वेगळी सोय आहे, आणि इंदुरात ती रोजची आहे. जुनं कलम १५१, आता १७०. मोर्चा निघणार, सणाला तणाव आहे, दोन भावांत वाटणीवरून हातघाई आली, की “१५१ मध्ये आत टाका”. यातही साधारण मर्यादा २४ तासांचीच. मग शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात, पोलिस त्याला ‘बाउंड ओव्हर’ म्हणतात. पूर्वी हे बंधपत्र घेणारा कार्यकारी दंडाधिकारी महसूल खात्याचा, एसडीएम वगैरे असायचा. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर आणि भोपाळला पोलिस कमिशनर पद्धत आली आणि हे अधिकार पोलिस अधिकाऱ्यांकडेच आले. उचलणारी वर्दी आणि निवाडा करणारी वर्दी एकच, हे मला पटत नाही. कमिशनर पद्धतीने वाहतूक सुधारली का, यावर आपण इंदुरी लोक तासभर भांडतो. या बदलाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

याच्या वरची पायरी रासुका, १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा. यात आरोपपत्र नाही, खटला नाही, जामीन नाही. जास्तीत जास्त १२ महिने. सल्लागार मंडळ सात आठवड्यांच्या आत अहवाल देतं, पण त्याच्यापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही. हायकोर्टात हेबियस कॉर्पसची, म्हणजे ‘बंदिवानाला कोर्टापुढे हजर करा’ अशी, याचिका हा खरा मार्ग. आपल्या समाजात अनेक घरांत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणीबाणीत आजोबा, काका मीसा या तेव्हाच्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली आत होते. मीसाबंदींचं मानधन आजही काहींच्या घरी येतं. त्या वेळी जबलपूरसह अनेक हायकोर्टांनी म्हटलं की आणीबाणीतही बंदिवानाची याचिका ऐकता येते. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने ते फिरवलं. एडीएम जबलपूर म्हणून हा निकाल कुप्रसिद्ध आहे. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात तो निकाल चूक ठरवला. ज्यांच्या घरी मीसाच्या आठवणी अभिमानाने सांगतात, तिथेच कधीकधी “याच्यावर रासुका लावा” ही घोषणाही मोठ्याने ऐकू येते. याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

शब्दांसाठी होणाऱ्या अटका या सगळ्यात वेगळ्या उठून दिसतात, कारण तिथे जप्त करायला ना हत्यार असतं ना चोरीचा माल. ‘आल्ट न्यूज’चे मोहम्मद झुबेर यांना २७ जून २०२२ ला अटक झाली, एका गुन्ह्यात जामीन मिळतो न मिळतो तोच दुसरा पुढे यायचा. २० जुलैला सुप्रीम कोर्टाने सगळ्यांत मिळून जामीन दिला. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसला जाताना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले. यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा जामीन सप्टेंबर २०२२ मध्ये आला, पण ईडीचं प्रकरण वेगळं होतं. प्रत्यक्ष बाहेर पडायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. यूएपीए आणि मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामिनाचा काटाच उलटा असतो. एरवी आत का ठेवायचं हे सरकारने पटवायचं; इथे बाहेर का सोडायचं हे आरोपीने. मनीष सिसोदियांना १७ महिन्यांनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये जामीन देताना सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं की जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद.

अभिव्यक्तीच्या गुन्ह्यांबाबत २८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. समाजमाध्यमावर टाकलेल्या एका कवितेवरून जामनगरमध्ये गुन्हा नोंदवला होता. कोर्टाने तो रद्द केला. आणि पोलिसांना वाट दाखवली: तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, डीएसपीच्या परवानगीने, १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. बोलण्या-लिहिण्यावरच्या तक्रारींत ती वापरा, तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवू नका. शब्दांचा परिणाम मोजायचा तो कणखर, समंजस माणसाच्या मनावर होणारा; सतत असुरक्षित वाटणाऱ्या माणसाच्या मापाने नाही, असंही कोर्टाने सांगितलं. हे माप २०२१ च्या जानेवारीत तुकोगंजच्या टेबलावर असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच.

शेवटचा टप्पा सुटकेचा. फारुकींना ५ फेब्रुवारीला, शुक्रवारी, जामीन मिळाला. शनिवारी तुरुंग प्रशासनाने कागद पोचले नाहीत म्हणून अडवलं. उत्तर प्रदेशातल्या एका वॉरंटचा प्रश्न होता, आणि त्यालाही सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिलेली होती. बातम्यांप्रमाणे अखेर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी इंदूरच्या मुख्य न्यायिक मॅजिस्ट्रेटना फोन करून संकेतस्थळावरचा आदेश बघायला सांगितलं, तेव्हा रात्री उशिरा सुटका झाली. ज्याच्यासाठी दिल्लीहून फोन येत नाही, त्याने सोमवारची वाट बघायची. पुढे मार्च २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश थेट तुरुंगापर्यंत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोचवणारी ‘फास्टर’ व्यवस्था सुरू केली.

बाहेर आल्यावर प्रत्येक पेशीला हजर राहायचं. एक तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं, आणि जामीनदाराला नोटीस जाते: माणूस आणा, नाही तर रक्कम भरा. मित्राच्या मुलासाठी किंवा कारखान्यातल्या हाताखालच्या माणसासाठी जामीन राहायची वेळ आली तर म्हणून दोन गोष्टी आधी बघा: तो तारखांना जाणारा आहे का, आणि बंधपत्रावरची रक्कम तुम्हाला झेपणारी आहे का. पुढे पटेनासं झालं तर अडकून पडायचं कारण नाही. जामीनदाराला मधेच मोकळं होता येतं. कोर्टात तसा अर्ज द्यायचा, कोर्ट आरोपीला बोलावून नवा जामीनदार आणायला सांगतं, आणि तुमच्या पुस्तिकेतली किंवा मुदत ठेवीच्या पावतीवरची नोंद रद्द करून मिळते. ती रद्द झाल्याचा शिक्का त्याच दिवशी मागून घ्या.